दोन टक्क्यांच्या आत

१

बाटली उलटी केली, हलवली, तळव्यावर आपटली, तरी पावडर तळाला चिकटली ती चिकटलीच. दवाखान्यातल्या नर्सला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. इंजेक्शनची पावडर कशी पिठीसाखरेसारखी भुरभुरीत हवी. हिचा चक्क खडा झाला होता आणि त्यावर पिवळट झाक आली होती.

तोवर उशीर झाला होता. त्याच लॉटच्या बाटल्या कितीतरी दिवस टोचल्या जात होत्या आणि टोचून घेणाऱ्यांपैकी दोघे दगावले होते. विषबाधा वगैरे काही नव्हती, बाटलीत औषधच उरलं नव्हतं. पावडरीत राहिलेल्या पाण्याने ते आतल्या आत नासवलं होतं. डॉक्टर डोस देत राहिले आणि ताप आपला चढत राहिला.

ज्या कारखान्यातून हा लॉट बाहेर पडला, तिथे प्रत्येक लॉटमधलं पाणी मोजलं जातं. शंभर भाग पावडरीत दोन भागांपेक्षा जास्त पाणी असेल तर लॉट बाद. या लॉटच्या रिपोर्टवर पाणी दीड टक्क्याच्याही आत होतं. पण त्याच पिंपातली चिमूटभर पावडर, काचेच्या नळीत घालून, नळीचं तोंड वितळवून बंद केलेली, राखीव म्हणून कपाटात ठेवलेली होती. ती नळी फोडून तपासली तर पाणी निघालं चार टक्क्यांच्या वर.

रिपोर्ट म्हणतो कोरडं, नळी म्हणते ओलं. म्हणजे कुणीतरी खोटं लिहिलं होतं. कोणी लिहिलं, हे कारखान्यात दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. तपासणी करणारी एकच होती, थेंबताई.

आणि थेंबताईचा नवरा त्याच कारखान्यात पावडर वाळवायच्या यंत्रावर होता.

२

"मॅडम, तुमची फक्त एक सही हवी आहे," साहेब म्हणाले.

कारखान्याच्या तपासणी खात्याचे हे साहेब एकेकाळी चिमटाबाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसत. चिमटाबाई हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलेलं. बाई काचेची कुठलीही वस्तू बोटाने उचलत नसत, चिमट्याने उचलत, आणि माणसांनाही साधारण तशाच धरत. प्रयोगशाळेत हयात घालवून निवृत्त झाल्या तरी त्यांच्या नाकावर माशी बसत नव्हती.

"वाचल्याशिवाय मी दूधवाल्याच्या पावतीवरसुद्धा सही करत नाही," बाई म्हणाल्या. "कशावर सही?"

"बाहेरच्या तज्ज्ञाचं मत. विश्लेषक बाईंनी नवऱ्याला वाचवायला खोटा आकडा दिला, असं. पुढच्या आठवड्यात पोलिसांत तक्रार करायची आहे. दोन माणसं गेलीत, मॅडम. कुणाला तरी उत्तर द्यावं लागणारच."

"अरे, उत्तर द्यायच्या आधी गणित सोडवावं लागतं. तुझी ही सवय अजून गेली नाही."

बाईंनी कारखान्याच्या लॅबमध्ये कोट चढवला आणि सरळ यंत्रापुढे जाऊन बसल्या. पाणी मोजायचं हे यंत्र दिसायला साधं. एका बंद काचपात्रात मिथेनॉल, वरून थेंबथेंब पडणारं आयोडीनचं द्रावण. नमुन्यात पाणी असेल तोवर ते पडणारं आयोडीन खाऊन टाकतं. पाणी संपलं की आयोडीन उरतं, पात्रातला रंग तपकिरी होतो आणि यंत्र थांबतं. किती द्रावण पडलं त्यावरून पाणी कळतं. टायट्रेशनचा सगळा खेळ एवढाच, पण हवेतली ओल आत शिरली की तोही बिघडतो.

खोटं बोलणारं पहिलं यंत्रच असू शकतं, म्हणून बाईंनी आधी त्यालाच उलटतपासणीला घेतलं. शुद्ध पाण्याचा एक थेंब तोलून आत सोडला. जेवढं पाणी सोडलं होतं तेवढंच यंत्राने सांगितलं. पुन्हा सोडला, पुन्हा बरोबर. द्रावण ताजं होतं, झाकणाची रबरं घट्ट होती. आकडाही यंत्र स्वतःच छापत होतं, त्यात कुणाला बोट घालायला जागा नव्हती.

"यंत्र खरं बोलतंय," बाई म्हणाल्या. "आणि तुझा रिपोर्ट याच यंत्रातून आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी या पात्रात जी पावडर पडली, ती खरोखरच कोरडी होती."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. पिंपात ओली पावडर, आणि यंत्रात कोरडी. मधल्या वाटेवर कुणीतरी पावडर बदलली होती.

३

मधल्या वाटेवर पहिला माणूस होता गोदामकाका. पिंपातून नमुना काढायचं काम त्यांचं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं तिरकस.

"एकाच पळीने दोन नमुने काढतो, बाई. एक नळीत घालून तिथल्या तिथे बंद. दुसरा छोट्या बाटलीत, तो लॅबला. पळी तीच, पिंप तेच, हातही हाच."

"लॅबकडे जाताना बाटली बदलता आली असती तुम्हाला."

काका रागावले नाहीत, उलट हसले. "आली असती की. पण बदलायला कोरडी पावडर नको का? ती आणू कुठून? अहो, या कारखान्यात सध्या दिवा घेऊन शोधलीत तरी चिमूटभर कोरडी पावडर सापडायची नाही. पळी आत घातली की हाताला कळतं, गठ्ठे लागतात. मी म्हणालोसुद्धा एकदा. साहेब म्हणाले, काका, रिपोर्ट पास येतोय ना?"

बाईंनी मान हलवली. काकांचं म्हणणं बिनतोड होतं. चोराला बदली माल लागतो, आणि इथे बदली मालच नव्हता.

थेंबताईचा नवरा वाळवणीच्या यंत्राजवळ भेटला. चांगला धिप्पाड गडी, पण झोप उडालेल्या माणसासारखा डोळे चोळत उभा. त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"बाई, माझ्याकडून माल ओला जातो, हे खरं आहे. यंत्राचा पंखा दमलाय, हवा तापतच नाही. मी साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पास होतंय तोवर चालव. मग मी कशाला डोकं लावू? मला वाटलं, माझ्या हाताला ओलं लागतं ते माझं मन."

"बायकोला घरी म्हणालास हे?"

"एकदा म्हणालो. ती म्हणाली, अहो, मी मोजते ना डोळ्यांत तेल घालून, तुम्ही नका काळजी करू." तो एक पाऊल पुढे आला. "ती माझ्यासाठी खोटं लिहील? बाई, भाजीवाल्याने चुकून एक लिंबू जास्त टाकलं तर परत द्यायला जाते ती."

त्याच्यावर विश्वास ठेवावा असं बाईंना वाटलं, पण वाटण्यावर बाईंनी कधी निकाल दिला नव्हता. मात्र एक गोष्ट पक्की झाली. बाहेरून कोरडी पावडर आलीच नव्हती. ओल्या पावडरीचीच कोरडी झाली होती, आणि ती लॅबच्या दाराच्या आत.

त्या दाराच्या आत बसणारी एकटी थेंबताईच होती.

४

थेंबताईने दार उघडलं तेव्हा तिने घर इतकं लख्ख पुसून ठेवलं होतं की बाईंना पाय ठेवायला संकोच वाटला. नोकरीवरून थांबवलेल्या बाईने दुसरं करावं तरी काय. शेजारणी जिन्यात भेटल्या की गप्प होतात, असं तिने बसता बसता सांगितलं.

"बाई, मला नोकरी परत नको. शिक्षा झाली तरी चालेल, माणसं गेलीत. फक्त मी खोटं लिहिलं नाही, एवढं सिद्ध करा. मी अर्धा थेंब जास्त पडला तरी टायट्रेशन पुन्हा करते. म्हणून तर हे नाव पाडलंय मला."

"मग सांग, नमुना तुझ्या हातात आल्यापासून काय काय करतेस. काही गाळू नकोस."

थेंबताई सावरून बसली. कामाचं विचारल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "यंत्र एकच आहे, बाई. नमुने साठतात. आधीची माणसं बाटल्या टेबलावर ठेवायची. पावडर हवेतली ओल ओढून घेते, मग चांगला लॉट उगाच नापास व्हायचा. मी आल्यावर ते बंद केलं. सगळ्या बाटल्या डेसिकेटरमध्ये ठेवते."

डेसिकेटर म्हणजे घट्ट झाकणाचं जाड काचेचं भांडं. तळाशी ओल शोषणारे निळे खडे असतात. ओल प्यायले की ते गुलाबी होतात, मग भट्टीत भाजून पुन्हा निळे करायचे.

"बाटल्यांची झाकणं?"

"सैल करून. घट्ट राहिली तर उघडताना झटका बसतो, पावडर उडते आणि वजन चुकतं."

"किती दिवस राहतात आत?"

"नंबर लागेपर्यंत. कधी दोन दिवस, कधी आठवडा. पण भांड्यात कितीही दिवस राहू देत, ओलीची काळजी नसते. तरी मी लक्ष ठेवून असते. खडे सारखे गुलाबी होतात हो. भाजून भाजून जीव जातो."

बाईंनी पाण्याचा पेला तोंडाकडे नेला होता, तो तसाच खाली ठेवला. "भांडं दिवसातून किती वेळा उघडतेस?"

"फार तर एकदा. झाकणाला ग्रीस लावलेलं असतं, हवा शिरत नाही."

"एखादा नमुना कधी भांड्यात न ठेवता तपासलास?"

"एकदाच. घाईचा लॉट होता, आला तसा लावला. साडेतीन टक्के आलं. मी घाबरले, म्हटलं माझंच काहीतरी चुकलं. एका आकड्यावर अख्खा लॉट कसा फेकायचा? उरलेला नमुना भांड्यात जपून ठेवला आणि चार दिवसांनी शांतपणे केला. छान पास झाला." तिने आशेने वर पाहिलं. "मी किती काळजी घेते ते कळतं ना यावरून?"

"कळतं," बाई म्हणाल्या.

त्यांना सगळं कळलं होतं. तिथेच सांगून टाकावं असं जिभेवर आलं. पण पुरावा हातात असल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. अर्धवट आशा दाखवून पोरीला झुलवत ठेवणं त्यांना क्रूर वाटलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "थोडे दिवस धीर धर. कुठे काही बोलू नकोस."

जिना उतरताना त्यांना प्रथमच जाणवलं, की ही मुलगी निर्दोष सुटली तर तिचं काय होईल ते बघवणार नाही.

५

बाईंनी गोदामकाकांना त्याच दिवशी भरलेल्या नव्या पिंपातून आपल्या डोळ्यांदेखत नमुना काढायला लावला. साहेबांना शेजारी उभं केलं. नमुन्याचे दोन भाग केले. एक भाग तिथल्या तिथे यंत्रात सोडला.

आयोडीन पडत राहिलं, पात्रातलं पाणी ते गिळत राहिलं. यंत्र थांबलं तेव्हा आकडा चारच्या पुढे होता.

"आजची पावडरसुद्धा ओली?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"दुसरा भाग बाकी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी बाटलीचं झाकण सैल केलं, ती डेसिकेटरमध्ये ठेवली, भांड्यावर आपल्या सहीची पट्टी चिकटवली आणि त्या घरी गेल्या. पावडरीला वेळ देणं भाग होतं. थेंबताईने द्यायची तेवढाच वेळ.

चार दिवसांनी पट्टी सगळ्यांसमोर फाडली. खडे गुलाबी पडले होते. बाटलीतली पावडर यंत्रात सोडली. थोडंसंच आयोडीन पडलं आणि पात्र तपकिरी झालं. पाणी दीड टक्का.

"पाहिलंस?" बाई म्हणाल्या. "पिंप एक, पळी एक, बाटली एक. कुणी काही बदललं नाही, कुणी खोटं लिहिलं नाही. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात खडे सारखे गुलाबी का होतात, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. हवा तर आत शिरत नव्हती. मग ते कुणाचं पाणी पीत होते? नमुन्यांचं. झाकण सैल असलेल्या बाटलीतून पावडरीचं पाणी निघून खड्यांत जात होतं. तुमचा माल पिंपात ओलाच राहत होता आणि नमुना भांड्यात वाळत होता. तिने टायट्रेशन अचूक केलं, पण ते पिंपाच्या पाण्याचं नव्हतं. घाईत केलेला तो एकच आकडा खरा होता, आणि तोच तिने चूक समजून सोडून दिला. तिला एकच धास्ती होती, चांगला लॉट नापास होऊ नये. त्या नादात तिने वाईट लॉट पास केले."

गोदामकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेबांनी यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"मॅडम," ते म्हणाले, "ही पद्धत ती आल्यापासून आहे. सहा वर्षं. म्हणजे पंखा दमल्यापासूनचे सगळे..."

"सगळे. बाजारात, दवाखान्यांत, लोकांच्या घरांत. आजच परत मागव."

"एका बाईने एकदा खोटं लिहिलं असतं तर एक लॉट परत मागवावा लागतो," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही सांगता ते खरं धरलं तर कारखाना उरत नाही. तीनशे माणसं आहेत इथे."

"आणि बाटल्या किती आहेत बाहेर?"

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून बाईंपुढे सरकवला. त्यावरची शाई परवाची होती.

६

"तुम्ही धीर धर म्हणालात," थेंबताई म्हणाली, "पण साहेब स्वतः घरी आले."

ती खिडकीशी बसली होती. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता.

"ते म्हणाले, लिहून दे की या एका लॉटचा आकडा मी खोटा दिला. तक्रार करत नाही, ह्यांची नोकरी राहील. नाही दिलंस तर दोघांनाही आत घालतो. हे रडायला लागले, बाई. मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं." तिने हात मांडीवर जुळवून ठेवले होते. "सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं लिहिलं, आणि तेच सगळ्यांना पटलं."

चिमटाबाई आयुष्यभर ओल्या-कोरड्याचा हिशेब चोख ठेवत आल्या. चार दिवस आधी, याच खोलीत, एक वाक्य बोलल्या असत्या तर ही सही झाली नसती. पुराव्यासाठी थांबलो, आपल्याला काळजीच घ्यायची होती, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

तरी सांगणं भाग होतं. त्यांनी भांड्याचं, खड्यांचं, सैल झाकणाचं सगळं सांगितलं. थेंबताई हुशार होती, अर्ध्यातच तिच्या लक्षात आलं. पहिल्यांदा चेहरा उजळला.

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते," ती पुटपुटली.

मग तो उजेड गेला. "पण मग बाकीचे लॉट? बाई, माझ्या हातून पास झालेले बाकीचे?"

बाईंनी नुसती मान हलवली. थेंबताई रडली नाही. ती उठली, पदराने कपाळ पुसलं आणि चपला घालू लागली. "चला. सांगायला हवं."

नवऱ्याने तिचा हात धरला. "अगं, सही केली आहेस तू. आता उलटलीस तर..."

"सोडा."

औषध निरीक्षकांच्या कचेरीत साहेबांचा कागद त्यांच्या आधी पोचला होता. निरीक्षकांनी चहा विचारला आणि सभ्यपणे ऐकून घेतलं. भांडं पाहायला कारखान्यात फोनही केला. ते तडकलं होतं म्हणून फेकून दिलं, असं उत्तर आलं. बाईंच्या परीक्षेचे साक्षीदार म्हणजे साहेब आणि गोदामकाका. साहेबांना असं काही झाल्याचं आठवत नव्हतं. काका फोनवर आले, खूप वेळ खोकले आणि म्हणाले, मला लॅबमधलं काही कळत नाही.

"बाजारातली कुठलीही बाटली तपासा," बाई म्हणाल्या. "मिनिटभराचं काम आहे."

"नमुने रीतसर मागवू. नंबर लागेल तेव्हा तपासू," निरीक्षक म्हणाले. मग थेंबताईकडे वळून त्यांनी समजुतीने विचारलं, "ताई, परवा तुम्ही लिहून दिलंत की मी खोटं लिहिलं. आज म्हणता, ते खोटं होतं. यातलं मी नक्की कुठलं धरू?"

बाहेर ऊन होतं. रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान होतं आणि त्याच्या काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ तेच इंजेक्शन मागत होते. बायकोला ताप आहे, उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवलाय, असं ते दुकानदाराला सांगत होते.

थेंबताई गाड्यांमधून वाट काढत तिकडे धावली. "काका, हे घेऊ नका. दुसऱ्या कंपनीचं घ्या. यात पाणी आहे. मीच तपासलंय, मला माहीत आहे."

दुकानदाराने तिला निरखून पाहिलं. "तुमचा फोटो कालच्या पेपरात होता ना? आकडे खोटे लिहिणाऱ्या त्या तुम्हीच?"

"हो, पण ते तसं नव्हतं. बाई, तुम्ही सांगा ना ह्यांना."

चिमटाबाई धापा टाकत पोचल्या आणि सांगू लागल्या. टायट्रेशन, खडे, सैल झाकण. आपण बोलतोय ते त्या म्हाताऱ्याला वेड्यासारखं वाटत असणार, हे त्यांना बोलता बोलताच कळत होतं.

"एकच लॉट खराब होता, आजी. तो परत गेला," दुकानदार म्हणाला. "कंपनीने पत्र पाठवलंय. बाकीचा माल चांगला आहे."

म्हातारे गृहस्थ गोंधळले होते. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दुकानदाराकडे, आणि मग थेंबताईकडे. माणूस भला होता, आवाजही त्यांनी चढवला नाही.

"ताई, घरी ती एकटी आहे," ते म्हणाले. "जरा बाजूला होता का?"

थेंबताई बाजूला झाली.